पुणे पाहावयास जाताना : शेतकरी गटाच्या सहलीची आखणी

शेतकऱ्यांच्या अभ्याससहली ही कृषिविस्ताराची जुनी व सर्वमान्य पद्धत होय. दहा व्याख्यानांनी जे पटत नाही ते दुसऱ्याच्या शेतात उभे राहून घटकाभरात पटते, हा विस्तारकार्यात काम करणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे. असे असूनही सहलीहून परतलेल्या गटास पंधरवड्यानंतर काय पाहिले म्हणून विचारावे, तर इमारती फार उंच आहेत, रस्त्यांवर गर्दी फार आहे आणि चहा महाग आहे, यापलीकडे पुष्कळदा उत्तर मिळत नाही. दोन-तीन दिवसांची कामे अडवून, गोठ्यातील जनावरे शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून व पदरचे पैसे खर्चून माणसे गेलेली असतात. एवढ्या मोलाने मिळालेले दिवस आखणीवाचून वाया जावेत, ही गोष्ट ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हलक्याने घेऊ नये.

या लेखात पुणे शहर व त्याचा परिसर डोळ्यांपुढे ठेवून सहलीची आखणी कशी करावी, याचा विचार केला आहे. पुणे निवडण्याचे कारण असे की, शेतीच्या अनेक संस्था या एका शहराभोवती एकवटल्या आहेत. शिवाय नाटक, संगीत, ग्रंथ, इतिहास व सण यांनी गजबजलेले हे शहर आहे. शेतकऱ्याने शहरात जाऊन केवळ शेतीच पाहावी, असे आमचे मत नाही. शहराच्या रीतीभाती, तेथील उत्सव आणि तेथील माणसाची आवडनिवड समजल्यावाचून त्या शहराची बाजारपेठ समजत नाही.

कोणी जावे

सहलीची यादी करावयास बसले की दरवर्षी तीच ती आठ-दहा नावे पुढे येतात. ज्यांना वेळ आहे, ज्यांची कचेरीत ओळख आहे, ते जातात. ज्याच्या शेतात प्रश्न आहे तो मागे राहतो. यासाठी यादी करण्यापूर्वी गावात बैठक घ्यावी आणि जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाकडून एक प्रश्न लिहून घ्यावा. प्रश्न मोठा असावयास नको. “माझ्या टोमॅटोला भावकीतल्यापेक्षा कमी दर का येतो?”, “उसाचे बेणे कोठून आणावे?”, “कांदा चाळीत का सडतो?” एवढेही पुरे. जो प्रश्न लिहून देईल त्याचे नाव प्रथम घ्यावे. प्रश्न हाती आले म्हणजे कोणत्या संस्थेस भेट द्यावयाची हेही आपोआप ठरत जाते.

स्त्रियांविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. भाजीपाल्याची तोडणी, निवड, जुड्या बांधणे, फुलांची तोड, कांद्याची काटणी ही कामे बहुतांशी त्यांच्या हातची असतात. बाजारात मालाला कमी दर का आला याचे उत्तर ज्या कामात दडलेले असते, ते काम करणारी व्यक्तीच सहलीत नसेल तर उत्तर ऐकावयाचे कोणी? गटात निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात. त्यासाठी घरची व्यवस्था आधी लावावी लागते. सकाळ-संध्याकाळची धार कोण काढणार, लहान मुलांना कोण पाहणार, हे बैठकीतच ठरले पाहिजे. प्रवासात दर दोन-अडीच तासांनी स्वच्छतागृह असलेल्या ठिकाणी गाडी थांबेल, हेही चालकास निघण्यापूर्वी बजावून ठेवावे. ही बाब कागदावर कोणी लिहीत नाही आणि स्त्रिया सहलीस न येण्याचे ते एक मोठे कारण ठरते.

केव्हा जावे

सर्वांना सोयीचा असा एकच हंगाम नाही. द्राक्षबागाईतदारास हिवाळ्यात बाग सोडवत नाही. रांगडा व रब्बी कांदा करणाऱ्यास लावणीच्या दिवसांत मजूर सोडून जाता येत नाही. कोरडवाहू शेतकरी मात्र रब्बीची पेरणी उरकल्यावर मोकळा असतो. गटाचे मुख्य पीक कोणते, हे पाहून महिना ठरवावा.

डिसेंबर महिन्यात मोशी येथे मोठे कृषी प्रदर्शन भरते आणि त्याच महिन्यात, भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व संगीत महोत्सवही होतो. जानेवारीच्या अखेरीस एम्प्रेस बागेत फुलांचे प्रदर्शन असते. ज्यांना हिवाळ्यात निघता येते त्यांनी या तारखा आधी विचारून घ्याव्यात. प्रदर्शनाला जावयाचे असल्यास त्यास अर्धा दिवस पुरे. उरलेला वेळ प्रत्यक्ष काम चालते अशा ठिकाणी घालवावा. प्रदर्शनात प्रत्येक यंत्र नवे व प्रत्येक रोप तजेलदार असते, आणि त्यातील उणिवा सांगावयास तेथे कोणी उभे नसते.

आषाढी वारीच्या वेळी आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची व देहूहून तुकाराम महाराजांची पालखी पुण्यात येऊन दोन रात्री मुक्काम करतात. ते दर्शन अपूर्व असते; परंतु त्या दिवसांत शहरातून गाडी हलत नाही व उतरावयास जागा मिळत नाही. गणेशोत्सवाचीही तीच गोष्ट. अशा वेळी जावयाचे तर उत्सवासाठीच जावे, संस्थांच्या भेटी त्यात घालू नयेत.

महिन्याइतकाच वारही महत्त्वाचा आहे, आणि येथेच पुष्कळांची आखणी फसते. राज्य शासनाच्या कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा असल्याने शनिवारी व रविवारी तेथे भेट घडत नाही. उलट मार्केट यार्डात रविवारी फळे व भाजीपाल्याची सर्वांत मोठी आवक असते व शनिवारी त्या विभागास साप्ताहिक सुटी असते. म्हणून शुक्रवारी संस्था, शनिवारी शहर व धरण आणि रविवारी पहाटे बाजार पाहून परतीचा रस्ता धरावा, हा क्रम आम्हांस सर्वांत सोयीचा वाटतो. सणावारामुळे सुट्यांत बदल होतात, यासाठी निघण्यापूर्वी बाजार समितीत एकदा विचारणा करावी.

शुक्रवार : मांजरी व परिसर

सोलापूर, धाराशिव, लातूरकडून येणाऱ्या गटास शहरात शिरण्यापूर्वीच उरुळी कांचन व मांजरी लागतात. उरुळी कांचन येथे १९४६ साली गांधीजींच्या प्रेरणेने निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. तेथे राहिलेले मणिभाई देसाई यांनी पुढे १९६७ साली ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. संकरित गाई व गोठित रेताचा खेडोपाडी प्रसार करण्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे. ज्यांच्या गावात दुधाचा जोडधंदा आहे त्यांनी येथे अवश्य थांबावे. आणि गाय किती लिटर दूध देते एवढ्यावर न थांबता दोन वेतांतील अंतर, वैरणीचा खर्च व कालवडीचे संगोपन यांची चौकशी करावी.

मांजरी येथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही १९७५ साली स्थापन झालेली संस्था आहे. ऊस उत्पादकांना बेणे, ऊतिसंवर्धित रोपे, माती परीक्षण व प्रशिक्षण यांविषयी येथे माहिती मिळते. जवळच १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र कार्य करीत आहे. एका दिवसात दोन्ही ठिकाणे धावतपळत पाहण्यापेक्षा गटाच्या प्रश्नांप्रमाणे एक निवडावे व तेथे पुरता वेळ द्यावा. नाशिककडून येणाऱ्या कांदा उत्पादकांनी मांजरीऐवजी वाटेवरील राजगुरुनगर येथे उतरावे. कांदा व लसूण यांवरील राष्ट्रीय संशोधन संस्था तेथे असून ‘भीमा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाती तेथूनच आल्या आहेत.

संस्थेस पत्र किमान एक महिना आधी पाठवावे. पत्रात गटाची संख्या, स्त्रिया किती, मुख्य पिके कोणती, पाण्याची स्थिती काय आणि गटाने लिहिलेले प्रश्न, एवढे सर्व असावे. “शेतकरी भेटीस येत आहेत” एवढ्याच ओळीच्या पत्रास सर्वांना दाखवितात तेवढेच दाखविले जाते. प्रश्न आधी पोचले तर त्या विषयाचा माणूस थांबवून ठेवता येतो.

शनिवार : पाणी आणि पेठा

शनिवारी सकाळी लवकर खडकवासल्याकडे निघावे. ऊन व गर्दी वाढण्यापूर्वी ते पाहून होते. हे दगडी धरण १८७९ साली पुरे झाले. आज पानशेत, वरसगाव, टेमघर व खडकवासला या चार धरणांच्या साखळीवर पुणे शहराचे पिण्याचे पाणी आणि हवेली, दौंड, इंदापूर या तालुक्यांचे सिंचन अवलंबून आहे. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम चालू असलेले पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचाही बांध खचला व पुण्याच्या नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. शहरातील वृद्ध माणसे आजही ‘पुराच्या आधी’ व ‘पुराच्या नंतर’ अशी कालगणना करतात.

धरणाच्या काठावर उभे राहून गटात एक चर्चा अवश्य घडवावी. शहर वाढते तशी त्याची तहान वाढते आणि कालव्याची आवर्तने लांबतात. आवर्तन किती दिवसांनी मिळणार यावर दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्याचे उभे पीक अवलंबून असते. शहराने वापरलेले पाणी प्रक्रिया करून मुंढव्याहून जुन्या बेबी कालव्यात सोडण्याची योजना याच ओढाताणीतून आली. त्या पाण्याच्या शुद्धतेविषयी खालच्या शेतकऱ्यांच्या तक्रारी आहेत. आपल्या गावचा तलाव किंवा बंधारा उद्या जवळच्या तालुक्याच्या गावाने पिण्यासाठी मागितला तर आपण काय म्हणू? या प्रश्नावर एका गटात तासभर बोलणे झाले व शेवटी ठिबकाला आजवर विरोध करणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनीच ठिबकाची किंमत विचारली. एवढा परिणाम आमच्या कोणत्याही भित्तिपत्रकाने झाला नव्हता.

सिंहगड येथून जवळच आहे. गटात तरुण मंडळी असतील व आदली रात्र विश्रांतीची गेली असेल तरच गडावर जावे. १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी जेथे देह ठेवला तो गड पाहण्याची इच्छा स्वाभाविक आहे; गडावरची पिठले-भाकरी व मडक्यातील दहीही नावाजलेले आहे. मात्र त्यापायी दुपार गेली तर पेठा राहतात.

पेठांमध्ये गाडी नेऊ नये. स्वारगेटला उतरून मेट्रोने मंडई गाठावी. २०२४ साली सुरू झालेला हा भुयारी मार्ग गटातील बहुतेकांना नवा असतो आणि मंडई हे पुढचेच स्थानक आहे. महात्मा फुले मंडईची दगडी अष्टकोनी इमारत १८८६ मध्ये खुली झाली. प्रथम तिला गव्हर्नर रे यांचे नाव होते. येथे किरकोळ विक्री कशी चालते, भाजी कशी मांडतात, कोणत्या आकाराच्या फळावर गिऱ्हाइकाचा हात प्रथम जातो, हे नुसते उभे राहून अर्धा तास पाहावे. येथील काही दर वहीत टिपून ठेवावेत; रविवारी त्यांचा उपयोग होईल.

मंडईपासून राजा केळकर संग्रहालय जवळ आहे. दिनकर गंगाधर केळकर यांनी जन्मभर हिंडून जमविलेल्या रोजच्या वापराच्या वस्तू येथे आहेत. दिवे, अडकित्ते, वज्र्या, भांडी, कोरीव दरवाजे यांपुढे गटातील स्त्रिया खिळून राहतात. कारण त्यांतील निम्म्या वस्तू आजीच्या घरी पाहिलेल्या असतात. संग्रहालयास तासाहून अधिक वेळ द्यावा लागेल हे धरून चालावे.

शनिवारवाड्याचा तट, दिल्ली दरवाजा व जोती एवढेच आज उरले आहे. १७३२ साली पुऱ्या झालेल्या या वाड्याची आतील बांधणी १८२८ च्या आगीत भस्मसात झाली. शेतकऱ्यास येथे विशेष सांगावे ते पाण्याविषयी. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने, केवळ उताराच्या बळावर, शहरातील हौदांत पाणी आणले गेले. उतार नीट साधला तर यंत्रावाचून पाणी कोठवर नेता येते, याचा हा उत्तम धडा आहे.

महात्मा फुले यांचा वाडा मात्र कितीही घाई असली तरी वगळू नये. पूर्वीच्या गंज पेठेत तो आहे. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला. ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ त्यांनी १८८३ साली पुरा केला. शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणे, सरकारी नोकरशाही, पाणी, जनावरांची अवनती यांचा त्यात विचार आहे. ते स्वतः शेतकरी होते व त्यांची शेती मांजरीस होती, म्हणजे शुक्रवारी गट जेथे हिंडला त्याच शिवारात. हे सांगितले की तरुण शेतकरी थबकतात, असा अनुभव आहे. येथे सावित्रीबाईंविषयी गटातील एखाद्या स्त्रीनेच चार शब्द सांगावेत. तशी तयारी गावाहूनच करवून घ्यावी.

रात्री मराठी नाटक पाहावे. बालगंधर्व रंगमंदिर (१९६८), भरत नाट्य मंदिर यांसारख्या ठिकाणी शनिवार-रविवारी प्रयोग असतात. तिकिटे आधी काढावीत व प्रयोग रात्री फार उशिरापर्यंत चालणारा नसावा; पहाटे चारला उठावयाचे आहे.

रविवार : बाजार

सर्व सहलीचे सार या चार तासांत आहे. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात मध्यरात्रीनंतर गाड्या लागू लागतात व उजाडण्यापूर्वीच व्यवहार रंगात येतात. गटाने चार-पाच जणांच्या तुकड्या करून पिकाप्रमाणे वेगवेगळ्या गाळ्यांवर जावे. तीस माणसे एकत्र घुसली तर हमालांच्या वाटेत येतात व कोणी धड बोलत नाही. सोबत प्रत्येक तुकडीस एक वही असावी.

पालेभाजीचा दर येथे शंभर जुड्यांवर, फळभाजीचा दहा किलोंवर सांगतात, हे प्रथम समजून घ्यावे. मग एकाच मालाचे तीन दर्जाचे ढीग शोधावेत व तिन्हींचे दर लिहावेत. एका टोमॅटो उत्पादकाने असे तीन क्रेट शेजारी शेजारी पाहिले. पहिल्यात एका आकाराची, एका रंगाची फळे होती; तिसऱ्यात वर मोठी व खाली लहान. आडत्याने तिसऱ्या क्रेटमध्ये हात खालपर्यंत घातला आणि दर ठरला. त्या शेतकऱ्यास प्रश्नाचे उत्तर कोणी सांगावे लागले नाही.

आपल्या गावाहून त्याच दिवशी माल गेलेला असेल तर त्याची पट्टी कशी होते ते पाहावे. हमाली, तोलाई, भाडे यांच्या रकमा वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. फळे व भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असा निर्णय राज्य शासनाने २०१६ साली केला आहे. ती पट्टीत शेतकऱ्याच्या नावे दिसल्यास बाजार समितीत विचारणा करण्याचा त्याला अधिकार आहे, हे गटास गावातच सांगून ठेवावे. आदल्या दिवशी मंडईत टिपलेले किरकोळ दर आता काढावेत. दोहोंतील अंतर पाहून संताप येणे साहजिक आहे. पण त्यात वाहतूक, नासाडी, गाळ्याचे भाडे व विकणाऱ्याची मजुरी किती, हेही बसून मांडावे. त्यानंतरच गटाने थेट विक्री करावी की नाही, यावर बोलण्यात अर्थ असतो.

फुलबाजार पाहिल्याखेरीज यार्ड सोडू नये. शहराचा उत्सवप्रिय स्वभाव शेतकऱ्याच्या पदरात कसा पडतो ते येथे दिसते. गणपती, घट, दसरा, दिवाळी, मार्गशीर्षातील गुरुवार, लग्नसराई यांप्रमाणे झेंडू, शेवंती, निशिगंध, गुलाब यांची मागणी चढते-उतरते. झेंडूस पुनर्लागवडीपासून फुले येण्यास साधारण दोन महिने लागतात. तेव्हा दसऱ्याची तारीख पंचांगात पाहून मागे मोजावे. मात्र सर्वांनीच तसे मोजले की ऐन दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात झेंडूचे डोंगर उभे राहतात व दर कोसळतात, असे वारंवार घडले आहे. पावसात भिजलेल्या फुलास तर विचारत नाहीत. जुने आडते कोणत्या सणाला कोणते फूल कमी पडते ते सांगतात. ते ऐकून लागवड दोन-तीन टप्प्यांत वाटावी, हेच शहाणपणाचे.

खर्च व इतर व्यवस्था

प्रवासासाठी राज्य परिवहनची गाडी प्रासंगिक करारावर मिळते. परंतु गट लहान असेल तर नेहमीच्या फेरीने जाणे स्वस्त पडते का, हे आधी पाहावे. स्त्रियांना २०२३ पासून निम्मे भाडे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे व २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास अशा सवलती नेहमीच्या फेऱ्यांना आहेत. त्यासाठी ओळखपत्र जवळ हवे. ‘आत्मा’ योजनेतून अभ्यासदौऱ्यास साहाय्य मिळू शकते, त्याची चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात वर्षारंभीच करावी.

खाजगी गाडी ठरविताना थांबे लिहून घ्यावेत. एका सहलीत चालकाने वाट वाकडी करून गटास एका कापडाच्या दुकानी नेले, तेथे दीड तास मोडला व नियोजित भेट हुकली. दुकानदाराकडून त्याला काही मिळत असावे. थांबे कागदावर असले की असे करता येत नाही. मुक्काम दोन्ही रात्री स्वारगेट किंवा मार्केट यार्डाच्या आसपास असावा, म्हणजे रविवारची पहाट साधते. आळंदीस जावयाचे असल्यास परतताना जावे. प्रत्येकाच्या खिशात मुक्कामाचा पत्ता व गटप्रमुखाचा दूरध्वनी लिहिलेली चिठ्ठी असावी. भ्रमणध्वनी सर्वांकडे असतो हे खरे, परंतु गर्दीत चुकलेल्या वृद्धाच्या यंत्राची वीज त्याच वेळी संपलेली असते.

परतल्यावर आठ दिवसांच्या आत गावात बैठक घ्यावी. निघताना लिहिलेले प्रश्न वाचून ज्याचा प्रश्न त्यानेच उत्तर सांगावे, आणि उत्तर मिळाले नसेल तर तसे सांगावे. बाजारात टिपलेले दर वहीतून उतरवून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत. बोलण्याचा मान प्रथम स्त्रियांना द्यावा, नाहीतर सरपंचांचे भाषण संपेपर्यंत त्यांची स्वयंपाकाची वेळ होते. न गेलेल्यांपैकी कोणाचे नाव पुढील यादीत घ्यावयाचे, हे त्याच बैठकीत ठरवून टाकावे.